एका चालीची वंशावळ : मॅलो, मद्रास आणि तंजावर

इतिहाससंशोधन म्हणजे कागदांचें संशोधन, अशी समजूत आपल्याकडे दृढ झालेली आहे आणि ती सर्वस्वीं चुकीची आहे असें नाहीं. सनदा, महजर, शकावल्या, करीने व पोथ्या यांनीं जें सांगितलें त्यालाच आम्ही इतिहास मानीत आलों. परंतु ज्या वस्तूला स्वतःचा कागद नसतो, जी एका गळ्यांतून दुसऱ्या गळ्यांत व एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जाते, तिचा इतिहास लिहितां येतो कीं नाहीं ? गाण्याची चाल ही अशा प्रकारची वस्तु होय. प्रस्तुत लेखांत आम्ही अशा एका चालीची वंशावळ मांडणार आहों. ही चाल आयर्लंडांत व स्कॉटलंडांत फिडलावर, म्हणजे आपण ज्यास व्हायोलिन म्हणतों त्या वाद्यावर, वाजत आली. मद्रासेस तिच्यावर संस्कृत शब्द चढले. आणि तंजावरच्या मराठी दरबाराशीं तिचें नातें जोडण्याचा मोह आपणां मराठी लोकांस सहज होतो. हा मोह कितपत सप्रमाण आहे, हें पाहणें हाच या लेखाचा मुख्य हेतु होय.

प्रथम चालीचें स्वरूप सांगतों. ती शुद्ध स्वरांची, म्हणजे आपल्या बिलावलाच्या व दक्षिणेकडील शंकराभरणाच्या स्वरांची आहे. प्रारंभीं षड्ज व गांधार यांच्यांत ये-जा होते, मध्यमाला ओझरता स्पर्श होतो, आणि लगेच ती संबंध हालचाल एक पायरी खालीं उतरून मंद्र निषाद व ऋषभ यांच्यांत पुनः तशीच होते. या दोन पायऱ्यांच्या झोक्यांतच तिची ओळख आहे. लय जलद असून नाचणाऱ्या पायांसाठीं ती बांधलेली आहे, हें ऐकतांच कळतें. ज्या चालीचा आरंभ इतका ठसठशीत असतो, ती शब्द, वाद्य व देश बदलले तरी ओळखूं येते. म्हणूनच ती वंशावळ मांडण्यास सोयीची आहे.

या चालीचें सर्वांत प्रसिद्ध नांव 'रेक्स ऑफ मॅलो' असें आहे. मॅलो हें आयर्लंडच्या कॉर्क परगण्यांतील गांव. अठराव्या शतकांत तेथील झऱ्याचें पाणी आरोग्यदायक म्हणून गाजलें होतें व सुखवस्तु लोक तेथें हवापालटास येत. पाणी पिण्याच्या निमित्तानें येऊन मद्य पिणारे, कर्ज काढून चैन करणारे जे उनाड तरुण, ते 'रेक'. त्यांच्यावरून हें गाणें झालें. बर्क थुमॉथ नांवाच्या वादकानें १७४५ च्या सुमारास लंडनांत छापून काढलेल्या इंग्रजी व आयरिश चालींच्या संग्रहांत ती आढळते. म्हणजे थोरल्या शाहू महाराजांच्या अखेरच्या वर्षांत सातारा व पुणें येथें जेव्हां राज्यकारभाराचे कागद लिहिले जात होते, तेव्हां ही चाल लंडनच्या छापखान्यांत पोंचली होती.

तथापि छापील कागद सांपडला म्हणून मूळ सांपडलें असें होत नाहीं. हीच चाल स्कॉटलंडांत 'सँडी लेंट द मॅन हिज मल' या नांवानें प्रसिद्ध आहे. सँडीनें त्या माणसाला आपली तपकिरीची डबी उसनी दिली, असा त्या नांवाचा अर्थ. इंग्लंडांत तर निराळाच प्रकार घडला. १८९९ सालच्या नाताळांत सेसिल शार्प या संग्राहकानें ऑक्सफर्डजवळील हेडिंग्टन येथें गांवकऱ्यांचा मॉरिस नाच पाहिला आणि दुसऱ्याच दिवशीं विल्यम किंबर या वादकाकडून त्या नाचाच्या कांहीं चाली उतरून घेतल्या. त्यांत ही चाल होती, पण तिचें नांव होतें 'रिग्ज ऑफ मार्लो'. मार्लो हें थेम्स नदीवरील इंग्रजी गांव. त्याचा आयर्लंडांतील मॅलोशीं कांहीं संबंध नाहीं.

हस्तलिखितांशीं परिचय असलेल्या वाचकांस येथें काय झालें हें सांगावयास नको. लेखकूला अपरिचित नांव आढळलें कीं तो त्या जागीं आपल्या परिचयाचें नांव लिहितो. येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेऊन १९६६ सालीं पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति ज्या तत्त्वांवर उभी आहे, त्यांतील एक तत्त्व हेंच : दोन पाठांपैकीं जो दुर्बोध तो बहुधा जुना, आणि जो सुबोध तो बहुधा मागाहून झालेला. इंग्लंडांतील खेडुताला दूरच्या मॅलोपेक्षां जवळचें मार्लो सुबोध होतें. 'मॅलो'चें 'मार्लो' होईल. 'मार्लो'चें 'मॅलो' इंग्लंडांत होण्यास कारण नाहीं. पोथीला लागू पडणारा नियम चालीच्या नांवालाही लागू पडतो, हें या उदाहरणावरून दिसून येईल.

परंतु नांव जुनें ठरलें तरी चाल त्या गांवची ठरत नाहीं, हेंही तितकेंच खरें. फिडल वाजविणारे स्कॉटलंड व आयर्लंड यांच्यामधील समुद्र सतत ओलांडीत असत; त्यांच्याबरोबर चाली जात आणि पलीकडे गेल्यावर तेथील नांव घेत. 'लॉर्ड मॅकडोनल्ड्स रील' ही अशीच दुसरी एक चाल. नांव स्कॉटलंडांतील सरदाराचें. पण विसाव्या शतकांत तिचा प्रसार करणाऱ्यांत आयर्लंडच्या स्लायगो परगण्यांतून न्यूयॉर्कास गेलेला मायकेल कोलमन (१८९१-१९४५) हा वादक प्रमुख होता. आणि अमेरिकेच्या दक्षिण भागांतील फिडलवाले तिलाच 'लेदर ब्रिचेस', म्हणजे कातड्याची विजार, या नांवानें वाजवितात. तेव्हां चालीवरील नांव म्हणजे जन्मपत्रिका नव्हे. तें पोथीच्या अखेरच्या मालकानें मारलेल्या शिक्क्यासारखें असतें. शिक्का खरा असतो, पण तो मालकी सांगतो, कर्तृत्व सांगत नाहीं.

या दुसऱ्या चालीचा उल्लेख आम्हीं उगाच केला नाहीं. या दोन्ही चाली एकाच मनुष्याच्या हातून संस्कृतांत आल्या आहेत. तो मनुष्य म्हणजे मुत्तुस्वामी दीक्षित. कर्नाटक संगीताच्या तीन थोर रचनाकारांत ज्यांची गणना होते, ते दीक्षित तिरुवारूर येथें १७७५ च्या सुमारास जन्मले व १८३५ सालीं एट्टयपुरम् येथें वारले. त्यांचे वडील रामस्वामी दीक्षित यांस मद्रासजवळील मणली येथील मुदलियार घराण्याचा आश्रय होता. हे मुदलियार कंपनी सरकारचे दुभाषी. त्यामुळें सेंट जॉर्ज किल्ल्यांत त्यांचें जाणेंयेणें असे. दीक्षित घराण्यांत चालत आलेली हकीकत अशी कीं, या धन्यासमवेत दीक्षित बंधूंनीं किल्ल्यांतील गोऱ्या लोकांचा बँड ऐकला. धाकटे बंधु बालुस्वामी यांनीं युरोपियन वादकाकडून व्हायोलिन शिकून घेतलें आणि तें आपल्या संगीतास जुळवून घेतलें. थोरल्या बंधूंनीं त्या चालींवर देवतांचीं संस्कृत स्तवनें रचलीं.

हीं स्तवनें संख्येनें सुमारें चाळीस असून त्यांस 'नोट्टुस्वर' म्हणतात. इंग्रजी 'नोट' शब्दाला द्राविडी उकार लागून 'नोट्टु' झालें आणि त्यापुढें संस्कृत 'स्वर' बसला. 'नोट' म्हणजेही स्वरच. तेव्हां शब्दाचा अर्थ 'स्वरस्वर' असा होतो. पोर्तुगीज 'पाव' व देशी 'रोटी' यांची जोड लावून आपण 'पावरोटी' म्हणतों, त्यांतलाच हा प्रकार. दोन भाषा शेजारीं बसल्याची खूण अशा द्विरुक्त शब्दांतून राहून जाते.

या स्तवनांपैकीं 'जगदीश गुरुगुह' हें 'लॉर्ड मॅकडोनल्ड्स रील'वर, 'सुब्रह्मण्यं सुरसेव्य' हें 'ब्रिटिश ग्रेनेडिअर्स' या लष्करी चालीवर आणि 'संततं पाहि मां' हें इंग्लंडच्या राजगीताच्या चालीवर रचलेलें आहे. आमच्या मुख्य चालीवरचें स्तवन 'वंदे मीनाक्षि त्वाम्' हें होय. चालींच्या परंपरागत यादींत त्यापुढें 'लिमरिक' असें नांव आढळतें. पण स्वर पाहतां जाणत्यांनीं 'रेक्स ऑफ मॅलो' ओळखली आहे. लिमरिक हेंही आयर्लंडांतील शहर. म्हणजे मॅलोचें नांव मद्रासेस येईपर्यंत गळलें, पण चाल आयरिश आहे ही आठवण यादींत टिकून राहिली. इंग्लंडांत ध्वनि टिकून देश गेला. मद्रासेस ध्वनि जाऊन देश टिकला. पाठभ्रंशाचे हे दोन प्रकार एकाच चालीच्या संबंधांत पाहावयास मिळावे, ही संशोधकाच्या दृष्टीनें भाग्याची गोष्ट होय.

संस्कृताच्या अंगानें पाहतां या रचनेंत एक लक्षांत घेण्यासारखें कौशल्य आहे. कित्येक पुस्तकांत 'मीनाक्षी' असा दीर्घान्त पाठ आढळतो. पुढें 'त्वाम्' असल्यामुळें तें संबोधन होय, व संबोधनांत ह्रस्वान्त 'मीनाक्षि' हेंच शुद्ध. येथें कोणी म्हणेल कीं, ह्रस्व केल्यास चालींतील स्वराची लांबी भरत नाहीं. पण पुढील वर्ण जोडाक्षर असल्यामुळें संयोगापूर्वींचा ह्रस्व छंदःशास्त्राप्रमाणें गुरुच होतो. म्हणजे व्याकरणही राखलें गेलें व चालही. आरंभीं सहा गुरु वर्ण आणि त्यांच्यापाठोपाठ चार लघु, अशी मांडणी आहे. परकीय चाल घेतली म्हणून दीक्षितांनीं भाषेला कोठें वांकविलें नाहीं. आणि 'गुरुगुह' ही आपली नाममुद्राही त्यांनीं इतर कृतींप्रमाणें येथें घातली आहे. पल्लवी, अनुपल्लवी व चरण हे विभाग मात्र त्यांनीं वगळले, कारण नाचाच्या चालीला ते सोसले नसते. मद्यपी तरुणांचें गाणें देवीच्या पायांशीं जाऊन बसलें, पण त्याची चालण्याची ढब तीच राहिली.

आतां पुराव्यांची प्रत लावूं. सर्वांत जवळचा पुरावा सी. पी. ब्राउन (१७९८-१८८४) या तेलुगु कोशकारानें मिळविलेल्या हस्तलिखिताचा. तें १८३३ च्या सुमाराचें, म्हणजे दीक्षित हयात असतांनाचें आहे. समकालीन कागद म्हणून तो अव्वल दर्जाचा होय. त्यानंतर सुब्बराम दीक्षितांचा 'संगीतसंप्रदायप्रदर्शिनी' हा तेलुगु ग्रंथ. सुब्बराम हे बालुस्वामींच्या मुलीचे मुलगे व त्यांचेच दत्तक पुत्र. ग्रंथ १९०४ सालीं एट्टयपुरम् येथें छापला. त्यांत घराण्याची हकीकत आहे, ती घरची असल्यामुळें माहितगार, पण उत्तरकालीन, तेव्हां दुय्यम. त्याच १९०४ सालीं आमचे पंडित विष्णु नारायण भातखंडे दक्षिणेच्या यात्रेंत एट्टयपुरम् येथें सुब्बराम दीक्षितांस भेटले होते, ही गोष्ट मराठी वाचकांस अभिमानास्पद वाटेल. तिसऱ्या दर्जाचा पुरावा म्हणजे लोकांत पसरलेल्या आख्यायिका. आणि तंजावरचा प्रश्न येथेंच उपस्थित होतो.

तंजावरच्या राज्याविषयीं या पत्रिकेच्या वाचकांस नव्यानें सांगण्यासारखें थोडेंच आहे. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ सालीं कोरविलेलें भोसले वंशाचें मराठी चरित्र व सरस्वती महालांतील मोडी दप्तर हीं सर्वश्रुत आहेत. त्या घराण्याचें संगीतप्रेमही प्रसिद्ध आहे. तुकोजी ऊर्फ तुळजाराजे (राज्यकाल १७२८-१७३६) यांनीं 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ रचला. दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८-१८३२) यांनीं तर पाश्चात्य वाद्यांचा बँड बाळगला. त्यांच्या संग्रहांतील युरोपीय संगीताचीं पुस्तकें व हस्तलिखित स्वरलिप्या अद्यापि सरस्वती महालांत आहेत. त्यांच्या दरबारचे वराहप्पय्या हे इंग्रजी जाणणारे मुत्सद्दी व्हायोलिन वाजवीत. इतकी सामग्री जवळ असतां, दीक्षितांस परकीय चाली तंजावरच्या मराठी दरबारांतच मिळाल्या, असें म्हणण्याचा मोह कोणास होणार नाहीं ?

या मोहाला बळ देणारी एक आख्यायिका फार फैलावली आहे. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चौघे बंधु मुत्तुस्वामी दीक्षितांचे शिष्य व सरफोजी राजांच्या पदरचे कलावंत. त्यांतील वडिवेलु हा व्हायोलिनांत निष्णात. त्रावणकोरचे स्वातितिरुनाल महाराज यांनीं त्यास १८३४ सालीं हस्तिदंती व्हायोलिन दिलें. हा वडिवेलु व्हायोलिन कोणाजवळ शिकला ? तर सरफोजींचे गुरु, जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांच्याजवळ, असें अनेक ठिकाणीं सांगितलेलें आढळतें. कथा गोड आहे, कारण तींत राजा, पाद्री व कलावंत हे एकाच सूत्रांत ओवले जातात. परंतु श्वार्ट्झ १७९८ च्या फेब्रुवारींत वारले आणि वडिवेलूचा जन्म १८१० सालचा. शिष्य जन्मण्यापूर्वीं बारा वर्षें गुरु निवर्तले होते. कालक्रम हा निष्ठुर पंच आहे. त्याच्यापुढें गोडवा चालत नाहीं.

दुसरें अनुमान याहून सूक्ष्म आहे. तंजावरच्या गादीचा तंटा चालू असतां सरफोजी १७९३ पासून कांहीं वर्षें मद्रासेस राहून शिकत होते. दीक्षित कुटुंबही त्या शतकाच्या अखेरीस मद्रासजवळ मणली येथें राहत होतें. मग राजपुत्र व रचनाकार यांनीं किल्ल्यांतील तोच बँड ऐकला, आणि तेथूनच दोघांस नाद लागला, अशी जोड कोणीही कल्पक लेखक लावूं शकेल. परंतु समकालीनत्व हा संबंधाचा पुरावा नव्हे. एका शहरांत असणें निराळें व एका दिवाणखान्यांत असणें निराळें. जो पुरावा आहे तो मणलीच्या मुदलियारांकडे, सेंट जॉर्ज किल्ल्याकडे आणि गोऱ्या वादकांकडे बोट दाखवितो. तंजावरच्या राजवाड्याकडे नाहीं. म्हणून आमचा निर्णय असा कीं, या चालीला संस्कृत शब्द मिळाले ते मद्रासच्या वातावरणांत, आणि त्याचें श्रेय मराठी दरबारास देतां येत नाहीं.

हा निर्णय लिहितांना आम्हांस सुख वाटलें असें नाहीं. तंजावर हें मराठ्यांचें दूरचें व दुर्लक्षित घर. तेथील प्रत्येक चांगली वस्तु आपली म्हणावी असें कोणाही मराठी मनुष्यास वाटणारच. परंतु खोट्या दागिन्यानें घराची शोभा वाढत नाहीं, आणि तंजावरास त्याची गरजही नाहीं. त्या दरबाराचें खरें श्रेय पुष्कळ आहे. परकीय वाद्यास राजाश्रय मिळाला, तें वाजविणारे कलावंत पोसले गेले, दीक्षितांच्या शिष्यांस तेथें स्थान मिळालें, आणि तेथूनच एक शिष्य तें वाद्य घेऊन त्रावणकोरास गेला. मुख्य म्हणजे, स्वर लिहिलेले कागद तेथें जपून ठेवले गेले. चाल मद्रासेस आली. पण परकीय संगीतास परकें न मानणारी जी दृष्टि, ती तंजावरानें राजवाड्यांत नांदविली. एवढें सप्रमाण सांगतां येतें, व एवढें पुरेसें आहे.

दुसऱ्याची चाल घेऊन तींत आपले शब्द भरणें हा प्रकार आपल्या पुण्यासही नवा नाहीं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं येथील आनंदोद्भव नाटकगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' रंगभूमीवर आलें, आणि पुढें संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून जुन्या गाण्याचे आरंभींचे शब्द देण्याची वहिवाट पडली. पुस्तक छापलें तेव्हां ती चाल सर्वांस ठाऊक होती, म्हणून दोन शब्दांत काम भागलें. आज त्यांतील पुष्कळ मूळ गाणीं विस्मृतींत गेलीं आणि माथ्यावरचे दोन शब्द किल्ली हरवलेल्या कुलुपासारखे राहिले. 'वंदे मीनाक्षि'पुढील 'लिमरिक' हा शब्द अशाच जातीचा. फरक इतकाच कीं, मॅलोची चाल आयर्लंडांत जिवंत राहिली, म्हणून कुलूप उघडलें.

येथेंच संग्राहकांस एक विनंति करावयाची आहे. जुन्या दप्तरांची झडती घेतांना मोडी कागद आपण जपतों, संस्कृत पोथी जपतों. परंतु पांच रेघांवर काळे ठिपके असलेला कागद किंवा पेटीवाल्याची सारेगमची वही हातीं आली, तर ती वाचतां येत नाहीं म्हणून बाजूस टाकली जाते. जें आपणांस वाचतां येत नाहीं तें रद्दी, हा न्याय लावला असता तर मोडी दप्तरेंही वांचलीं नसतीं. नाटकमंडळ्यांच्या वह्या, बँडवाल्यांचे कागद, मिशनांतील भजनांचीं स्वरपुस्तकें हीं इतिहासाचीं साधनें आहेत. त्यांवर तारीख, ठिकाण व मालकाचें नांव असल्यास तें प्रथम उतरून घ्यावें. माथ्यावर लिहिलेलें चालीचें नांव कितीही विचित्र दिसलें तरी तें शुद्ध करूं नये. कोणी शहाण्यानें 'लिमरिक' खोडून तेथें परिचयाचें नांव घातलें असतें, तर या चालीच्या वंशावळींतील एक पिढी कायमची नाहींशी झाली असती.